काकांची हरकत

माझा थोरला भाऊ उदगीरच्या एका गॅरेजात फिटर होता. लग्न झाल्यावर तो गावाकडं परत आला आणि चाकूर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या बरड तुकड्यात त्यानं जुन्या गाड्यांचं भंगार सुरू केलं. त्या बरडात हरभरासुद्धा धड येत नसे. मोडक्या जीप, अपघातातले टेम्पो, थकलेले ट्रॅक्टर तो विकत घ्यायचा, गॅसकटरनं कापायचा आणि चालणारे सुटे भाग वेगळे काढून विकायचा. पार शिरूर अनंतपाळकडून गिऱ्हाईक यायचं. कंपनीनं बनवणं बंद केलेल्या ट्रॅक्टरचा एखादा गिअर सापडला, की ते शेतकरी हरवलेली म्हैस सापडल्यासारखे खूश होऊन जायचे.

बरडाच्या खालच्या अंगाला काकांचं रान. वडील लवकर गेले, तेव्हापासून आम्हा दोघा भावंडांचं सगळं काकांनीच पाहिलं. भावाला फिटरचं काम शिकायला उदगीरला सोडून आले तेही काकाच. भंगाराचा नारळही त्यांनीच फोडला.

काही वर्षं बरी गेली. मग एका पावसाळ्यात काकांच्या विहिरीवर तेलाचा तवंग दिसायला लागला. म्हशी हौदापाशी यायच्या, हुंगायच्या आणि मान फिरवायच्या. काका बांधावर आले.

"तुझं तेल माझ्या इहिरीत यायलंय," ते भावाला म्हणाले.

"तुमच्याच मोटारीचं आसंल ते," भाऊ म्हणाला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं, पण तो घाबरला होता आणि घाबरला की तो असाच तुटक बोलतो. काका आल्या पावली परत गेले. त्यानंतर त्यांनी आमच्या घरी चहाला येणं बंद केलं.

त्याच सुमाराला तहसिलातून नोटीस आली. शेतीच्या जमिनीवर हा धंदा चालणार नाही. जमिनीचा वापर बदलून बिगरशेती करून घ्या, नाहीतर भंगार उठवा. वापर बदलायचा तर गावाची हरकत नसावी लागते.

मी लातूरला शाळेत शिकवते आणि शनिवारी गावी येते. भावाचा अर्ज मीच लिहून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ भंगारात गेल्यावर काका अंगणात आले. बऱ्याच महिन्यांनी. वहिनीनं लगबगीनं चहा ठेवला. त्यांनी खिशातून कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला.

"हरकत लिहायची हाय. तुझं अक्षर चांगलं हाय."

"काका, दादाचा अर्ज मीच लिहिलाय."

"म्हाईत हाय मला. म्हणून तर आलो. दुसरं कुणी वाकडंतिकडं लिहील. तू खरं तेवढंच लिहिशील."

मी विहिरीपाशी जाऊन पाणी पाहून आले. तवंग होताच, वासही होता. मग मी हरकत लिहिली. काकांनी सही केली, चहा घेतला आणि वहिनीला म्हणाले, "साखर जास्त झाली, पोरी."

भावाला मी स्वतःच सांगितलं. तो जेवत होता. ताट सरकवून उठला आणि पुढचे दोन शनिवार माझ्याशी बोलला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याचा सगळा संसार त्या बरडावर उभा होता. पण म्हशी ते पाणी पीत नव्हत्या, हेही तितकंच खरं होतं, आणि या दोन्ही गोष्टी मनात घेऊन मी लातूरची बस धरायचे.

ग्रामसभा मारुतीच्या पारावर भरली. रस्त्याकडेच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडणारा एक माणूस काकांच्या शेजारी येऊन बसला होता. भंगार हटलं की हा सगळा भाग घरांसाठी मोकळा होईल, असा त्याचा हिशेब. तो उठून बोलायला लागला. आधी घाण, मग आवाज. मग म्हणाला, "आन् चोरीच्या गाड्या कापतेत तिथं. कुणी बघितलंय, काय कापतेत ते?"

भाऊ तटकन उठला. तो काही बोलायच्या आत काका काठी टेकत उभे राहिले.

"खाली बस," ते त्या माणसाला म्हणाले. "माझं पोर चोर न्हाई. कापलेल्या दर गाडीचा कागद त्याच्यापाशी हाय, मी सोता बघितलाय. माझी हरकत तेलाची हाय. तेल थांबवा, मग गाड्या राहू द्या न्हाईतर हत्ती बांधा."

पारावर हशा पिकला.

सरपंचांनी विचारलं, "मग हरकत मागं घेता का, काका?"

"न्हाई. पाणी साफ झालं की घेतो."

दुसऱ्या दिवशी भाऊ एकटाच काकांच्या विहिरीवर गेला. वहिनीनं मला फोनवर सांगितलं, की तो बराच वेळ काठावर बसला होता आणि परत आल्यावर अंगण झाडायचा खराटा घेऊन भंगारातच शिरला. त्या उन्हाळ्यात त्यानं इंजिनं उघडायचं काम वर रस्त्याकडं नेलं, खाली सिमेंटचा कोबा केला, तेल धरायला टाकी बांधली आणि उताराकडची काळी पडलेली माती खणून उचलली. काका बांधावर उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "अजून खोल खण." भावानं खणलं.

जिल्ह्याहून साहेब पाहणीला आले. रस्त्याकडच्या भागाला परवानगी मिळाली, उताराकडचा भाग शेतीतच ठेवायचा असं ठरलं. भावाच्या निम्म्या गाड्या त्यामुळं गेल्या. तो काही दिवस उदास होता.

काकांनी हरकत मागं घेतली ती त्यानंतरच्या पावसाळ्यात, म्हशींनी हौदात तोंड घातल्यावर. माणसांनी मात्र त्या विहिरीचं पाणी अजून प्यायलेलं नाही. भावानं आमच्या बोअरवरून काकांच्या दारापर्यंत पाइप टाकून दिलाय. काका ते पाणी पितात आणि क्षार लई हाय म्हणून रोज एकदा तरी कुरकुरतात. भाऊ ऐकून घेतो.