कंदील नसलेल्या घरातली भुतं

बायको उन्हाळ्यात गेली. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळी नव्हती. दुखवट्याच्या घरात ना कंदील लागतो, ना कढई चढते. केदारखेड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. पण गल्लीतली पोरंसुद्धा आमचं अंगण टाळून जायला लागली. मोठ्यांनीच शिकवलं असणार, दुसरं कोण? माझं डोकं फिरायचं. सहा वर्षांची माझी लेक दारात बसून त्यांचे फटाके बघत राहायची. आई गेल्यापासून ती कुणात खेळली नव्हती. तिनं एकदा पोरांत मिसळून आरडाओरडा करावा, एवढंच मला हवं होतं.

धाकटी बहीण फराळाचा डबा घेऊन आली तेव्हा तिला म्हणालो, "उजेड करायचा न्हाई ना? मंग अंधारच कामाला लावू. पोरांसाठी भुताचं घर करू."

"दादा, लोकं काय म्हणतील?"

"लोकं कवा गप बसलेत?"

वय बघून खोल्या वाटल्या. पुढच्या खोलीत बालवाडीवाल्यांसाठी लोडाला मिशा काढून टोपी घातली. हे भूत लिमलेटच्या गोळ्या वाटणार होतं. मधल्या खोलीत चौथी-पाचवीच्या पोरांसाठी अंधार, परातीत शिजवलेल्या शेवयांची आतडी आणि तेल लावलेल्या गोट्यांचे डोळे. मागच्या खोलीत झिरोच्या बल्बखाली हायस्कुलातल्या टग्यांसाठी मी स्वतः, तोंडाला राख फासून. बहिणीनं तिथं फरशीवर ज्वारीचं पीठ चाळलं आणि मागच्या दारापासून आतपर्यंत उलटी चालत आली, कारण भुताची पावलं उलटी असतात. तिचा तोल जाताना बघून मी हसलो, तीही हसली. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसत होतं.

दिवस मावळला तशी पोरं आली. गोळ्यांचा वास त्यांना बराबर लागतो. लेक लोडाच्या मिशा ओढून खिदळली. पडद्याआड उभ्या उभ्या मी ते ऐकलं आणि राखेतच रडलो.

मग ती पडदे सारत थेट मागच्या खोलीत आली. मी अजून ओरडलोही नव्हतो. ती पिठापाशी थबकली आणि गप खाली बसली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या जागी पीठ पसरून वर टोपली झाकतात आणि गेलेलं माणूस कशाच्या पावलानं येऊन गेलं ते सकाळी बघतात. तिच्या आईसाठी याच खोलीत झाकली होती. सगळे वाकून बघत होते आणि हिला मात्र 'तू न्हाई बघायचं' म्हणून बाहेर काढलं होतं. पीठ चाळताना आम्हा दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही.

"पप्पा, मम्मी आल्ती?"

ती बोटानं पावलं दाखवत मागच्या दाराकडे सरकली. पावलांची बोटं सगळी बाहेरच्या बाजूला होती.

"चालली गेली. तुम्ही भूत झालात म्हणून भ्याली का ती?"

"न्हाई गं बाई, ती आत्याची पावलं हायेत."

तिनं माझ्या राखेनं माखलेल्या तोंडाकडे पाहिलं. माझ्यावर तिचा बिलकुल विश्वास बसला नाही. पदर धरावा तसा माझा शर्ट धरून तिनं मला मागच्या दारात ओढत नेलं, कडी काढली आणि बाहेरच्या अंधारात हाक मारली, "मम्मी, भिऊ नको, पप्पाच हायेत. जल्दी ये."