आमच्या घरातला शिकाऊ उमेदवार

विश्रामबागेतल्या सभागृहात शिकाऊ उमेदवारांच्या योजनेवर बैठक होती. बातमीसाठी मी गेलो होतो. अधिकारी कारखानदारांवर चिडलेले होते. विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं, तरी जागा रिकाम्या का, असा त्यांचा प्रश्न होता. मागच्या रांगेतून पलूसचा एक वर्कशॉपवाला उठला.

"जागा हायत साहेब. हातात कला असलेला माणूस मिळंना म्हणून ऑर्डरी परत जात्यात. पर उसवाल्यांची पोरं हाताला ऑइल लावून घ्यायला तयार न्हाईत."

"बास की आता," पुढून कुणीतरी ओरडलं. तो उभाच राहिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पुतण्याची नोंदणी नेमकी त्याच्याच वर्कशॉपात झाली. पुतण्या आयटीआयमधून टर्नर झालेला. त्याला लेथ मशीनवर काम शिकायचं होतं आणि आमच्या भागात शिकवायला तयार असलेला मालक हा एकच. माझा थोरला भाऊ, म्हणजे पुतण्याचे वडील, निवृत्त सुभेदार. नदीकाठी ऊस. मुलाचं सैन्यभरतीचं वय उलटलं, तेव्हापासून भावाच्या लेखी तो कुचकामी होता.

मालक मूळचा पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातला. त्याचे वडील दरवर्षी कळप घेऊन आमच्याकडे यायचे. खतासाठी आमच्या रानात मेंढ्या बसवायचे आणि बदल्यात धान्य न्यायचे. ही जुनी ओळख भावाला गावातल्या पारावर कुणीतरी हसत हसत सांगितली. भावानं मला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि थेट वर्कशॉप गाठलं.

पुतण्या लेथखाली पडलेला लोखंडाचा कीस झाडत होता.

"सुभेदाराच्या पोराच्या हातात झाडू दिलास व्हय रं?" भाऊ मालकाला म्हणाला. "तुझा बा आमच्या रानात मेंढरं बसवायचा. इसरलास?"

"न्हाई इसरलो. मीबी संगं यायचो. आवं, तुमच्या हिरीवर पाणी मागितलं की तुमची आई वरनं ओंजळीत ओतायची. भांडं देत न्हवती."

भाऊ पुढं सरकला. मी मध्ये उभा राहिलो.

"झाडायला धाडलंय का सरकारनं त्याला?"

"मशीनखालचं ज्याला झाडता येत न्हाई, त्याला मी मशीन देत न्हाई. माझं पोरगंबी झाडतंय. न्यायचं तर न्या. पर एकदा नेलंसा की ही जागा गेली. पुन्हा दारात उभा करणार न्हाई."

भाऊ मुलाकडे वळला. "भरतीत पळता आलं न्हाई तुला. आता पळ म्हणतोय, तर पाय उचलंना व्हय?"

पुतण्यानं मान वर केली. "न्हाई येत आबा. तुमी जावा."

"मग घराकडं तोंड दावू नगंस."

पुतण्या पुन्हा वाकला आणि झाडू लागला. मालकानं त्याला शाबासकी दिली नाही. "त्यो कोपरा ऱ्हायलाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून एक ट्रंक वर्कशॉपच्या दारात येऊन पडली. आत पुतण्याचे कपडे होते. मालकानं हात लावला नाही. पुतण्यानं ती ओढत आत घेतली, पलूसमध्येच खोली बघितली आणि ट्रंकेला नवं कुलूप घातलं.

पुढं मालकानं त्याला लेथवर उभं केलं. ते गावात कळलं, तसा भावानं माझ्या हाती निरोप धाडला. कपडे त्याचे, पण ट्रंक आपली फौजेतली आहे, ती परत हवी. मी टेम्पोवाल्याला घेऊन गेलो. पुतण्यानं मशीन बंद केलं, खोलीवर येऊन कपडे पोत्यात कोंबले आणि रिकामी ट्रंक टेम्पोत चढवली.

"आबास्नी सांग," तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "कुलूप माझं हुतं. ते काढून घेतलंय."