घुबडाच्या हाकेला ओ

आमच्या परसातल्या चिंचेवर घुबडांची जोडी राहायची. दिवेलागणीला एक बोलायचं. आधी घशातल्या घशात, मग थरथरत लांबत जाणारी हाक. दुसरं लगेच तुटक उत्तर द्यायचं. माझी धानाची कोठी परसाला लागूनच आहे आणि उंदीर त्यांनीच आटोक्यात ठेवले होते, म्हणून मला ती हवी होती. शेजारच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या दादाला मात्र त्यांची धास्ती. आमच्याकडे मानतात, की घुबडाच्या हाकेला जो ओ देतो, तो फार दिवस जगत नाही.

वाटणीत दादाला एकोडीची ओलिताची शेती मिळाली आणि मला हे परस. सायकलवर पोती वाहून मी धानाचा धंदा उभा केला. तरी घरात काही वाईट झालं, की बोट माझ्याकडेच वळतं. हे मी विसरलेलो नाही.

यंदा हिवाळ्यात दादाला धाप लागू लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं. लगेच नागपूरला न्या म्हणाले. दादा खाटेवरून उठेना.

"पयले ते चिच तोड, मंग येतो."

"चिचेनं तुह्या छातीले काय केलं?"

"तुले उंदरायची पडली हाये. मी मेलो तं चालते."

मी भडकून निघून आलो. धानाच्या सौद्यात समोरच्याची शेवटची अट मी कधी मानत नाही. ही मानली. करवतवाले बोलावले आणि दिवसाउजेडी चिंच पाडली. घुबडं भांबावून उडाली. कावळ्यांनी त्यांना गावाबाहेर पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एकच परत आलं. फांदी नव्हती, म्हणून दादाच्या कौलांवर बसलं. त्यानं हाक मारली आणि थांबलं. उत्तर आलं नाही. पुन्हा हाक, पुन्हा तेच थांबणं. मी दादाच्या खोलीत गेलो.

"पयले त्याची जोडीदारीन ओ देत होती," दादा आढ्याकडे पाहत म्हणाला. "आता कोनाले बलावून रायलं?"

पहाटे नागपूरला न्यायला गाडी दारात आली, तरी ते कौलांवरच होतं. दादानं भिंतीकडे तोंड केलं.

"भाऊजी, झाड तोडून तुमीच त्याले आमच्या डोक्यावर आनलं," वहिनी म्हणाली.

"तोडा म्हनून मांगं कोन लागलं होतं?"

दादाचे ओठ निळसर दिसत होते. वरून पुन्हा हाक आली. माझं डोकं फिरलं. मी अंगणात जाऊन कौलांकडे तोंड करून म्हणालो, "ओ. मी हावो इथं. काय काम हाये, सांग."

ते मान वळवून माझ्याकडे पाहत राहिलं. मी आत आलो. "घे, आता ते माह्या वाट्याले आलं. बस गाडीत."

"कायले देला रे ओ?" दादा म्हणाला. पण उठला. वहिनीच्या खांद्यावर हात टाकून गाडीत जाऊन बसला, आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडी कारध्याच्या रस्त्याला लागली. माझी बायको आमच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी जवळ गेलो, तशी ती बाजूला सरकली आणि मुलांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

कौलांवरचं घुबड आता बोलत नव्हतं.