सुईवर लटकलेल्या बाया

मंडळातल्या बायांनो, हा कागद आपल्या फळ्यावर लावून राहिली, कारण एकेकीच्या घरी जाऊन सांगाले मले टाइम नाही.

कोण काम करते अन् कोण नाही, याच्या पाहणीच्या ऑफिसात मी अकोल्यात कार्डं निवडते, हे तुमाले ठाऊकच आहे. एका माणसाचं एक कार्ड, कडेनं भोकं. जो काम करते त्याचं कामाचं भोक कडेपर्यंत कापलेलं असते. गठ्ठ्याच्या त्या भोकातून लांब सुई घालून उचलली की कामवाल्यांची कार्डं खाली पडतात, बिनकामाची सुईवर राहतात. मग मोजायचं.

आज आपल्याच वस्तीचा गठ्ठा आला. सुई उचलली, तर पुरुष पडले खाली अन् बाया सगळ्या सुईवर! कापूस वेचणारी शांता, भाजी विकणारी गंगू, अन् मी. माझं कार्ड माझ्याच हातात, अन् मी बिनकामाची.

साहेबाले दाखवलं. ते म्हणे, "बाई, कार्डात आहे तेच धरायचं."

मी म्हटलं, "मंग आत्ता सुई कोणं उचलली, साहेब?"

साहेब गठ्ठा बाजूले ठेवून म्हणाले, "घरोघरी विचारणारा माणूस परवा परत पाठवतो."

घरी येऊन नवऱ्याले विचारलं, "मी काम करत नाही, असं त्या पाहणीवाल्याले काहून सांगितलं?"

तो म्हणे, "घरची बाई काम करते, असं परक्या माणसाले सांगणं बरं दिसते काय?"

भांडली नाही मी. पण परवा दार मीच उघडणार आहे. तुमच्या घरी कोण बोलणार?