बिगीबिगी बाई

बिगीबिगी बाईंना मी नऊ वर्षांत एकदाही वर्गात खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. उदगीरच्या आमच्या विशेष शाळेत प्रत्येक वर्गाला एक टेबल आणि एक खुर्ची होती. बाईंच्या खुर्चीवर त्यांची पिशवी बसायची आणि बाई वर्गभर फिरायच्या. एकाचा हात धरून रेघ ओढून घ्यायची, दुसऱ्याची लाळ पुसायची, तिसऱ्याला खिडकीवरून खाली उतरवायचं, आणि तोंडाने सारखं चालू, "चला, बिगीबिगी! बिगीबिगी!" खरं नाव नसीम. पण ज्या मुलांना बाकी काही बोलता येत नव्हतं त्यांनाही 'बिगी' एवढं जमायचं, म्हणून तेच नाव पडलं.

"बाई, बसा की जरा," मी म्हणायचो.

"मी बसले की पोरं उठतात, सर," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांच्या वडिलांचं गावात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेली कुठलीही गोष्ट बाईंच्या हातात गेली की तिची मागची बाजू उघडलीच. पंखा, रेडिओ, मुलांच्या कानातली यंत्रं, काहीही. "अब्बा म्हणायचे, उघडून बघितल्याबिगर वस्तूला नावं ठेवायची न्हाईत," असं त्या सांगायच्या. मुलांच्या बाबतीतही त्यांचं हेच होतं. एखादं मूल दिवसभर किंचाळलं की आम्ही म्हणायचो, आज अंगात आलंय त्याच्या. बाई म्हणायच्या, "का ओरडून राहिलं ते बघा की आधी."

मी त्याच शाळेत हस्तकला शिकवायचो आणि शाळेचं सामानसुमानही सांभाळायचो. स्वभावाने मी भित्रा माणूस. वस्तू कपाटात असली की मला झोप लागते. त्यामुळे एका संस्थेने शाळेला सहा टॅब भेट दिले, हार-तुरे झाले, फोटो निघाले आणि मुख्याध्यापकांनी ते कपाटात ठेवायला सांगितले, तेव्हा मला बरंच वाटलं. बाईंना मात्र चैन पडेना. रोज प्रार्थना संपली की माझ्यासमोर हजर.

"सर, किल्ली."

"फुटला तर, बाई?"

"फुटला तर फुटला. कपाटाला शिकवायचंय, का पोरांना?"

महिनाभर त्यांनी माझा पिच्छा पुरवला आणि शेवटी मुख्याध्यापकांकडून एका टॅबची परवानगी मिळवली. तो त्यांनी रेणुकासाठी घेतला. रेणुका दहा वर्षांची, देगलूरकडच्या एका खेड्यातली, आमच्या वसतिगृहात राहायची. तिला सगळं समजायचं, पण हातपाय आखडलेले आणि जीभ वळायची नाही. बाईंनी त्या टॅबवर चित्रांचा तक्ता तयार केला. पाण्याच्या चित्रावर बोट ठेवलं की टॅब बोलायचा, "मला पाणी हवे आहे." रेणुकाने पहिल्यांदा बोट ठेवलं आणि मान वळवून मागे बघितलं. कोण बोललं, ते शोधत होती.

बाई अस्वस्थ झाल्या. "हा आवाज तिचा न्हाई, सर. बातम्या देणाऱ्या बाईचा आहे. हिच्या घरात कोण बोलतं असं?"

त्या रविवारी त्या रेणुकाच्या गावाला निघाल्या, टॅब टॉवेलात गुंडाळून. टॅबची जबाबदारी माझ्यावर, म्हणून मीही एसटीत त्यांच्या शेजारी. रेणुकाची धाकटी बहीण नऊ वर्षांची होती. तिला ओसरीवर उभं करून बाईंनी एकेक शब्द बोलून घेतला. त्या घरात मराठी आणि तेलुगू एकाच ताटात वाढल्यासारखी होती. पाण्याला ती 'नीळ्ळु' म्हणाली, आईला 'अम्मा'. बाईंनी तसंच भरून घेतलं. सगळं सुरळीत चाललं होतं, पण 'नको' या शब्दाला रेणुकाचे वडील मध्ये पडले.

"नको कायला शिकवता, म्याडम? आधीच लई हट्टी हाय ती. अजून नको म्हणाय लागली तर आमची पंचाईत."

बाई जात्याकडून चुलीकडे, चुलीकडून दाराकडे फेऱ्या मारत होत्या. त्या थांबल्या. "भाऊ, हो म्हणायला तिला तोंड लागतच न्हाई. ते तुम्ही समजूनच घेता. तोंड लागतं ते नको म्हणायला."

वडील बाजूला झाले. बहिणीने लाजत 'नको' म्हटलं, आणि तो शब्द टॅबमध्ये गेला.

पुढच्या पंधरा दिवसांत त्या 'नको'ने शाळा डोक्यावर घेतली. खिचडी? नको. गाणं? नको. वेणी? नको. शेजारच्या पोराने टॅब ओढला तेव्हा रेणुकाने इतक्या जोराने 'नको' दाबलं की टॅब खाली पडला आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा गेला. मुख्याध्यापक चिडले. टॅब पुन्हा कपाटात गेला, आणि आता आपल्या परवानगीशिवाय कुणी कपाट उघडलं तर लेखी खुलासा मागू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

त्याच आठवड्यात रेणुकाच्या पायांचे नवे पट्टे आले. पाय सरळ राहावा म्हणून घोट्यापासून पोटरीपर्यंत बांधायचे, वरून बूट. पहिल्या दिवसापासून ती रडायला लागली. वसतिगृहाच्या मावशी बांधायच्या आणि मी तिचे खांदे धरून ठेवायचो. टाच लाल दिसते असं मावशी एकदा म्हणाल्या होत्या. मी म्हणालो, नव्या बुटाचं असंच असतं, सवय होईल. चार दिवस मी हे म्हणत होतो. ती माझ्या मनगटाला चावली, तरी मी सोडलं नाही. चांगलंच करतोय अशी माझी खात्री होती.

पाचव्या दिवशी मुख्याध्यापक मीटिंगसाठी लातूरला गेले होते. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. नेहमीसारखा आवाज चढलेला नव्हता.

"सर, ती कायतरी सांगून राहिली. तिचं तोंड तुमच्या कपाटात आहे."

मी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसलो. दिली असंही नाही, नाही दिली असंही नाही. माझ्या भित्रेपणाची ती नेहमीची रीत.

थोड्या वेळाने पलीकडच्या वर्गातून टॅबमधला रेणुकाच्या बहिणीचा आवाज यायला लागला. "नको. दुखतंय. नको. दुखतंय." मी धावत गेलो. रेणुका तडा गेलेल्या काचेवर बोट दाबत होती आणि बाई जमिनीवर गुडघे टेकून तिच्यासमोर अंगाचं चित्र धरून होत्या. "कुठं, बेटा? दाखव." रेणुकाचं वाकडं बोट हेलकावे खात खाली आलं आणि चित्रातल्या पायावर टेकलं. बाईंनी पट्टा सोडला, मोजा उतरवला. टाचेच्या मागे पट्ट्याच्या कडेने खोल जखम केली होती. तिच्यात पू झाला होता. वास दारापर्यंत आला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि म्हणाले, अजून आठवडा गेला असता तर हाडापर्यंत पोचलं असतं. रेणुका बाईंच्या कुशीत होती. तिचे खांदे धरायला मी पुढे झालो, तर तिने अंग आकसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. जखमेची नाही, कपाटाची. मुख्याध्यापकांनी विचारलं, "किल्ली कुणी दिली?"

मी तोंड उघडण्याआधीच बाई म्हणाल्या, "टेबलावर होती. मी घेतली."

मी पुढे काहीच बोललो नाही. बोलू शकलो असतो. माझ्या नोकरीची सात वर्षं उरली होती, मुलीचं लग्न ठरत होतं, अशी पुष्कळ कारणं मला त्या क्षणी आठवली. बाईंना लेखी ताकीद मिळाली आणि वर्ष संपताना त्यांची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. त्या गेल्या त्या दिवशी मी लवकर घरी गेलो.

त्यानंतर कळलं, की लोहा तालुक्यात त्या घरोघर फिरतात. शाळेत येऊ न शकणाऱ्या मुलांना घरी जाऊन शिकवायचं काम. स्कूटीच्या पुढे पिशवी, तिच्यात टॅब. इकडे रेणुकाची जखम भरली. टॅब मी तिच्याजवळच राहू दिला. त्यावर मला कुणी खुलासा मागितला नाही, आणि मागितला असता तर काय लिहायचं हे मी ठरवून ठेवलं होतं. पण हे ठरवायला मला उशीर झाला होता. अनेकदा बाईंना फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला.

मागच्या हिवाळ्यात त्यांचाच फोन आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही.

"सर, रविवारी लोह्याला या. काम आहे."

मी गेलो. एका शेतकऱ्याच्या घरासमोर त्या माझी वाटच बघत होत्या. केस बरेच पिकले होते. आत खाटेवर सोळा वर्षांचा एक मुलगा होता, विठ्ठल. त्याला बोलता येत नव्हतं. "याच्या टॅबातून बाईचा आवाज येतो. गल्लीतली पोरं हसतात, म्हणून हा हातच लावत न्हाई. बापाला लाज वाटते बोलायची. तुमचा आवाज द्या."

विठ्ठलला ओसरीवर घेऊन आम्ही बसलो. बाई चित्र दाखवायच्या, मी शब्द म्हणायचो. पाणी. भूक. शेताकडं जायचंय. मला एकट्याला राहू द्या. विठ्ठल माझ्या ओठांकडे टक लावून बघत होता. मग बाईंनी एक चित्र पुढे केलं. मान खाली घातलेला माणूस.

"हे काय?" मी विचारलं.

"चुकलं माझं. त्यालाबी कधी म्हणावं लागेल की."

मी म्हणायला गेलो तर आवाज फाटला. बाईंनी तो पुसला आणि पुन्हा टॅब माझ्यासमोर धरला. दुसऱ्यांदा अर्ध्यावरच थांबलो. त्यांनी तोही पुसला. काही विचारलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. तिसऱ्या वेळी मी नीट म्हणालो, "चुकलं माझं, बाई."

"बाई काढून टाकते," त्या म्हणाल्या. "बाकी राहू द्या."

विठ्ठलने लगेच त्या चित्रावर बोट ठेवलं. माझा आवाज ओसरीभर झाला. त्याला गंमत वाटली, त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. बाई पदराने काच पुसून पुढचं चित्र शोधत होत्या.