‘हाऊ आर यू’चं उत्तर

कुळगीच्या जंगल कचेरीत मी कारकून होतो. आमचे इंग्रज साहेब रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचे, "हाऊ आर यू?" या एका प्रश्नानं इतके किस्से साठलेत, की जुने सोबती भेटले की अजून तेच निघतात.

*

नागू आमचा रखवालदार. साहेबांना "फाइन" म्हणायचं, असं मी त्याला शिकवलं. तो काही केल्या म्हणेना. रान जाळून नाचणी पेरली म्हणून त्याच्या बापाला ‘फाइन’ झाला होता. त्याला तो शब्द तेवढाच ठाऊक. म्हणाला, "म्या काय तोडलंया, फाइन म्हनायला?"

*

हेडक्लार्क दत्तोपंतांकडे रजेच्या अर्जाचा एकच नमुना होता: ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’. खानापुरात दिलेली त्यांची लेक बाळंतपणात गेली, तेव्हाही त्यांनी तोच उतरवला. दुसरं काही सुचेचना. साहेबांनी काळजीनं क्विनाइन पाठवलं.

आम्ही म्हटलं, खरं काय ते साहेबांना सांगू या.

"राहू दे," ते म्हणाले. "ताप म्हटला तर तापच आहे."

आणि त्यांनी गोळी घेतली.

*

एकदा साहेब म्हणाले, आपण ‘होमसिक’ आहोत. मला ‘होम’ माहीत होतं, ‘सिक’ही माहीत होतं. घाबरून विचारलं, घरी कोण आजारी आहे?

ते म्हणाले, "कुणी नाही. सगळे मजेत आहेत. त्याचाच त्रास होतो."

*

पुढच्या वर्षी हल्याळहून माणूस तार घेऊन आला. साहेबांची आई वारली होती. आम्ही भीत भीत विचारपूस केली, तर म्हणाले, "क्वाइट ऑल राइट," आणि नकाशे काढून बसले.

नागूची आई दूध घालायला यायची. तिनं पायरीवरूनच त्यांच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "सायबाचा जीव थाऱ्यावर न्हाई."

साहेबांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं, तुम्हाला बरं नाही म्हणते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. तिचेच शब्द तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले, दोनदा.

दुपारी त्यांचा रजेचा अर्ज माझ्याकडे नक्कल करायला आला. कारणाच्या जागी इंग्रजी अक्षरांत तिचे शब्द होते. मी तसेच उतरवले.

आठवड्यानं वरच्या कचेरीचा शेरा आला: कारण इंग्रजीत लिहा.

साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. मी इंग्रजी शब्द जुळवून पाहिले, आणि कागद त्यांच्यापुढे परत सरकवला.