साक्षीनंतरचं आमेन
नळाच्या पाण्याला गंजक्या लोखंडाचा वास आला की मला अहमदपूरचा टँकर आठवतो. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता; स्टँडवरच्या पाटीचा रंग ओला होता आणि विहिरी कोरड्या. त्या उन्हाळ्यात माझी तान्ही लेक जुलाबानं गेली. आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष द्यायची रीत होती. उभं राहून देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायचं, मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं. त्या रविवारी मी उभी राहिले. म्हणाले, "लेकरासाठी लई प्रार्थना केली. देव आयकतो का न्हाई, मला आता सांगता येईना." वर पत्रा तापून कडकड वाजत होता, तेवढाच आवाज. आमेन कुणीच म्हणालं नाही. पाळकांनी घाईनं गीत धरलं, सतरंजीवर शेजारची बाई जरा सरकून बसली. उपासना सुटल्यावर टँकरच्या रांगेतही कुणी माझ्याशी बोलेना. मागं सासूबाई होत्या. चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हणायच्या त्या, आणि आज त्याही गप्प राहिल्या होत्या. माझी घागर भरली. त्यांनी ती उचलून माझ्या कमरेवर ठेवली आणि घागरीवरचा हात न काढता, मलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमेन." पुढं मीही चारचौघींसारख्या साक्षी दिल्या, अजून देते, आणि सगळं चर्च आमेन म्हणतं. सासूबाईंना जाऊन वर्षं लोटली. तरी खाली बसल्यावर मी थोडा वेळ कान देऊन राहते, मागून एखादं उशिराचं आमेन येतं का म्हणून.